गिरणेचं पाणी आणि आमचं प्रोजेक्ट

नव्वदीची सुरुवात, जळगाव, इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष... आणि आमचं मशीन नुसतं "नम" म्हणत होतं. "स्कार" यायच्या आत मेमरी भरायची.

माइकमधला आवाज आकड्यांत बदलून चिपमध्ये साठवायचा आणि परत ऐकवायचा, असं ते प्रोजेक्ट. मोठी चिप मुंबईहून मागवायला वेळ नव्हता. पूर्ण वाक्य ऐकू आलं तरच पास, असं सरांनी बजावलेलं. मी तर वर्ष गेलंच असं धरून चालले होते.

माझी पार्टनर शैला, भडगावची. तिचे आबा पुराच्या दिवसांत गिरणा नदीच्या घाटावर बसून गल्लीला ओरडून सांगायचे... पाणी एक पायरी चढलं की उतरलं, एवढंच. आधी कुठवर होतं ते लोकांना ठाऊकच असायचं.

"आपणही तेवढंच साठवू," शैला म्हणाली. "आवाज आधीपेक्षा वर गेला की खाली."

आवाज मोजताना दर वेळी आठ बिट्स लागायचे, तिथे एकच पुरला. ही पद्धत आमच्या पुस्तकातही होती म्हणे... पण तो धडा आम्ही ऑप्शनला टाकला होता!

वाक्य मावलं. पण जरा मोठ्याने बोललं की आवाज फाटायचा, कारण मशीन एकेक पायरी चढत मागे राहायचं. मी वैतागून विचारलं, "लोंढा आला तर आबा काय करतात गं?"

शैला कागद पुढे ओढत म्हणाली, "तेव्हा ते एकेक पायरी मोजत नाहीत. एकदम तीन-तीन सांगतात."

मग काय... लागोपाठ 'वर, वर' आलं की पायरी मोठी करायची, वेग ओसरला की परत लहान. तेवढं सर्किट तिने एका दुपारी जोडलं. मी फक्त सोल्डरिंग गन धरून बघत बसले.

परीक्षेच्या दिवशी आबा मुद्दाम बसने आले होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "मोठ्याने बोलून दाखवा." शैलाने माइक आबांपुढे धरला, आणि ते घाटावरच्यासारखे अहिराणीत ओरडले,

"पानी चढी राह्यनं, ढोरे वर लई या रे!"

बटण दाबलं. जरा खरखरीत, पण अख्खं वाक्य मशीनच्या डब्यातून परत आलं. आबा डब्याकडे बघत हळूच म्हणाले, "हाऊ ते मीच शे."

परीक्षकांनी पुढे काही विचारलंच नाही, हसत सही केली.

आज कुणाचा व्हॉइस मेसेज आला की मला शैला आठवते. घाटावरची ती हाक मीही तिच्या घरी राहायला गेले तेव्हा ऐकली होती... पण ती वर्गापर्यंत आणायला शैलाच लागली. माझं वर्ष तिने वाचवलं, आणि हे मी तिला कधी नीट सांगितलंच नव्हतं. शैला, वाचते आहेस ना?