नऊ सेकंदांचे फोटो

कडूबा साळवे बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करतो. सलाइनचे पंप, हृदयाचे मॉनिटर, जे बिघडेल ते. जालन्याकडच्या खेड्यातून डिप्लोमा घेऊन निघालेला माणूस. चौदा वर्षं झाली इथे येऊन. गळ्यात कायम एक सेकंडहँड कॅमेरा. बस यायला चार मिनिटं असली तरी तेवढ्यात स्टॉपमागच्या झुडपातला रॉबिन पक्षी टिपून घ्यायचा. रविवारी हॉलमधली बुद्धवंदना संपली की चहाच्या रांगेत लोक हटकून विचारायचे, "दादा, या आठवड्यात कोण सापडलं?" आणि कडूबा खूश होऊन फोन पुढे करायचा.

एप्रिलात मागच्या कुंपणावरच्या आयव्हीच्या वेलात ब्लॅकबर्डनं घरटं केलं. कुंपणापलीकडे डोरीन राहते. एकोणऐंशी वर्षांची, एकटी. सोबतीला बिस्किट नावाचा लठ्ठ बोका. पिल्लं निघाली त्या दिवशी तिनं किचनच्या खिडकीतून हाक मारली, "बॅब, तीन आहेत, तीन!" बर्मिंगहॅमच्या जुन्या बायका सगळ्यांनाच लाडानं बॅब म्हणतात, पण कडूबाला ते ऐकून दर वेळी बरं वाटायचं.

फोटो मात्र नीट येईना. पानं मध्ये यायची. मग एका संध्याकाळी कडूबानं कामाच्या पिशवीतून केबल टाय काढले आणि मशिनमधल्या वायरी बांधाव्यात तशा वेलाच्या चार फांद्या मागे ओढून बांधल्या. घरट्याला जणू खिडकीच झाली. तीन उघड्या चोचींचा असा फोटो आला की वंदनेच्या समितीतल्या राकेशनं तो बुद्ध पौर्णिमेच्या पत्रिकेवर घ्यायचं ठरवून टाकलं.

त्याच दिवसांत त्याला कोल्हीणही हवी होती. कुंपणाखालून पहाटे एक यायची, पण थांबायची नाही. ती थांबावी म्हणून तो गवतावर चिकनची तंगडी ठेवू लागला. बायको, शैला, म्हणायची, "अहो, माझ्या ताटात कधी इतक्या प्रेमानं तंगडी वाढली नाहीत! तिला लिंबूही पिळून द्या." आठवड्याभरात कोल्हीण इतकी सरावली की उजेडातही यायला लागली.

शनिवारी सकाळी सव्वापाचला कडूबा शेडच्या आडोशाला बसला होता. कोल्हीण आली, तंगडी खाल्ली, आणि निघून जायच्या ऐवजी मान वर करून कुंपणाकडे बघत राहिली. पिल्लांची आई जिवाच्या आकांतानं ओरडू लागली. कोल्हीण मागच्या पायांवर उभी राहिली. ऊन नेमकं तिच्या तोंडावर होतं. कडूबाचं बोट बटणावर होतं आणि ते बटणावरच राहिलं. घरटं खाली आल्यावर तो ओरडला. तोवर काही उरलं नव्हतं.

कॅमेरा प्रत्येक फोटोची वेळ लिहून ठेवतो. पहिला पाच एकवीस आणि चार सेकंद. शेवटचा पाच एकवीस आणि तेरा सेकंद. नऊ सेकंदांत चौदा फोटो. एक टाळी वाजवली असती तरी ती पळाली असती, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं केबल टाय कापले आणि फांद्या सोडून दिल्या. फोटो पुसायला घेतले, पण पुसवेनात.

नऊ वाजता डोरीन बागेत आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. "माझ्या बिस्किटनंच केलं हे," ती म्हणाली. "रात्री किचनच्या दारातली त्याची ये-जा करायची झडप बंद करायची राहिली. मलाच अक्कल नाही."

कडूबानं तोंड उघडलं आणि बाहेर पडलं ते एवढंच, "वाईट झालं, डोरीन."

त्या दिवसापासून बिस्किट घरात कोंडला गेला. दिवसभर काचेला पंजे घासायचा. रविवारी हॉलमध्ये राकेशनं पत्रिका वाटल्या. वर तीच तीन पिल्लं. "पाणातिपाता वेरमणी", जीवहत्या न करण्याचं पहिलं शील, म्हणताना कडूबानं पत्रिका उलटी करून ठेवली. बायका पत्रिका बघून म्हणत होत्या, "किती जीव लावून काढलाय!"

मंगळवारी शैला कामावरून आली ती पिशवी खाली न ठेवताच बोलली. "डोरीन भेटली बसमध्ये. कार्डिफहून तिची भाची येतेय उद्या, बोक्याला न्यायला. म्हणते, आता त्याच्याकडे बघवत नाही. रडत होती हो."

कडूबा खुर्चीत बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं, तंगडीपासून बटणापर्यंत. शैलानं पिशवी खाली ठेवली.

"चार दिवस तुम्ही त्या म्हातारीला रडू दिलंत?"

"कसं सांगू, शैला? ती पुन्हा तोंड बघणार नाही माझं."

"नको बघू दे. बोका तर राहील घरात."

दार डोरीननं उघडलं. हॉलमध्ये प्रवासाची जाळीदार पेटी तयार होती, आत तिचाच एक जुना स्वेटर अंथरलेला. कडूबानं कॅमेऱ्याचा पडदा तिच्यापुढे धरला. "तुमच्या बोक्यानं नाही केलं. कोल्हिणीनं केलं. तिला खायला घालून मीच सवय लावली. आणि वेल मीच बांधला होता, फोटोसाठी."

डोरीननं चष्मा लावला. एकेक फोटो पुढे सरकवत ती शेवटपर्यंत गेली, मग पुन्हा पहिल्यावर आली.

"तुम्ही तिथेच होतात?"

"हो."

"आणि हे काढत बसलात?"

कडूबानं होकारार्थी मान हलवली. 

तिनं कॅमेरा त्याच्या हातात परत दिला. आत जाऊन किचनची झडप उघडली. बिस्किट उंबऱ्यावर घुटमळला. गुडघ्याला हात देत डोरीन कशीबशी खाली बसली आणि त्याच्या कानामागे खाजवत म्हणाली, "माफ कर रे राजा, मी भलतंच समजले तुला." मग तिथूनच तिनं भाचीला फोन लावला, उद्या येऊ नकोस म्हणून.

कडूबा दारात उभा होता. त्याला बॅब म्हणून कोणी आत बोलावलं नाही. फोन संपला, डोरीन उठली, आणि त्याच्याकडे न बघता तिनं दार लोटून घेतलं. त्याला ते बरोबरच वाटलं.