शहाऐंशी रविवार

एलिफलेट डनमच्या हातचं पिंप कधी गळलं नाही आणि त्याच्या नजरेखालून चुकीचा आकडा कधी सुटला नाही. पुडिंगमधल्या बेदाण्यांचाही हा हिशेब मागेल, असं गाव पाठीमागे म्हणायचं. तोंडावर मात्र ‘डीकन’, म्हणजे प्रार्थनाघराचा कारभारी. कारण प्रार्थनाघरात तो व्यासपीठाखाली, सगळ्यांकडे तोंड करून बसायचा.

जोसाया विलकॉक्स लंडनहून परतला तेव्हा त्याचा हिशेब तपासायचं काम कनेटिकट वसाहतीच्या सभेने डनमच्याच गळ्यात घातलं. राजाच्या लढाईत वसाहतीचा झालेला खर्च राजदरबारातून परत आणायला जोसायाला रोजावर वकील म्हणून धाडलं होतं, आणि पठ्ठ्याने तो आणलाही. इकडे त्याची बायको मेहिटेबल हिने नदीकाठचं कुरण चाळीस पौंडांना गहाण टाकून घर चालवलं. आता जूनमध्ये मुदत संपत होती. कुरण गेलं की गुरं गेली, आणि गुरं गेल्यावर राहिलं काय?

हिशेबाची वही घेऊन डनम त्यांच्याच घरी येऊन बसला.

“राजवाड्याच्या दारवानाला चार शिलिंग?” तो गुरगुरला. “दार उघडायचे?”

“न उघडायचे काही घेत नाहीत, डीकन,” जोसाया म्हणाला. “ सहा आठवडे त्यांनी तेच केलं.”

मोजा विणणारी मेहिटेबल हसली. डनमचं बोट पुढे सरकलं आणि थांबलं.

“इथे चूक आहे. दिवस लावलेस पाचशे सोळा. निघाल्यापासून परत येईपर्यंत होतात सहाशे दोन. शहाऐंशी दिवस गेले कुठे?”

जोसायाचे कान लाल झाले. “ते रविवार. देवाच्या दिवशी काम केलं नाही, मग पैसे कसे मागू?”

मेहिटेबलच्या सुया थांबल्या. “रोजचे दहा शिलिंग! त्रेचाळीस पौंड सोडलेत तुम्ही? आणि माझं कुरण?”

“तसल्या पैशाने सोडवलेल्या कुरणात मला पाय ठेववणार नाही, मेहिटी.”

डनमने वही मिटली. गप्प राहिला असता तर वसाहतीचे त्रेचाळीस पौंड वाचत होते, आणि वाचवण्यात तर त्याचा जन्म गेला होता. पण घरी जाताना त्याला आपला हिशेब पहिल्यांदाच खोटा वाटू लागला.

सभेत त्याने सहाशे दोन दिवस वाचून दाखवले तशी कुजबुज झाली.

“रविवारची मजुरी? डीकन, तुम्ही म्हणता हे?” एक सभासद ओरडला.

“मजुरी कोण म्हणतंय?” डनम उसळला. “काम त्याने सहाच दिवस केलं. पण घरापासून लांब सातही दिवस होता! मी लोकांकडे तोंड करून बसतो. मेहिटेबलशेजारची रिकामी जागा शहाऐंशी रविवार मी पाहिलीय. ती जागा आपण रिकामी केली. भरपाई त्याची द्यायचीय.”

मागे उभ्या जोसायाने नकार द्यायला तोंड उघडलं, आणि त्याला रडूच आलं. रक्कम मंजूर झाली, कुरण सुटलं.

पहिलं गवत कापून झालं त्या रविवारी डनमने सवयीने त्या जागेकडे पाहिलं. जोसाया बायकोच्या खांद्यावर मान टाकून चक्क घोरत होता. झोपलेल्यांना ढोसणारा माणूस काठी सरसावून निघाला. डनमने त्याला डोळ्यांनीच दटावलं: राहू दे.