तिच्या फॉर्मात आजीची दोन पानं

माझी बायको जाऊन वर्ष झालं, त्याच थंडीत नातीनं अमेरिकेतल्या कॉलेजांचे फॉर्म भरायला घेतले. अर्थशास्त्राची पीएचडी करायची म्हणाली. मी चौथी शिकलेला माणूस, मला त्यातलं काही कळत नव्हतं. पण एक गोष्ट कळत होती. फॉर्मासोबत स्वतःबद्दल दोन-तीन पानं लिहून द्यायची होती आणि त्या पानांत माझी बायको होती. मी नव्हतो.

मेलेल्या बायकोचा कसला हेवा करतोस, असं लोक म्हणतील. करत होतो. खोटं कशाला लिहू.

न्हावऱ्याला आमचं थोडं रान आहे. ऊस आणि कांदा, दारात गाया. कांद्याची रोपं लावायची लागण आली की पूर्वी आमच्या भागात बायका सावड करायच्या. म्हंजे आज तुझ्या रानात आम्ही दहाजणी, उद्या तिच्या, परवा माझ्या. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही, दिवसाला दिवस फेडायचा. आता टेम्पो भरून मजूर येतात, सावड राहिली नाही. पण आमच्या आळीची सावड होती तोवर माझी बायको चालवायची. तिला सही धड येत नव्हती. तरी कुणाचं रोप कधी उपटायला येणार, कुणाची सून पोटुशी, कुणाचा हात मंद, सगळं डोक्यात. मंद हाताच्या बाईला ती वाफ्यात दोन चपळ बायकांच्या मधे बसवायची. तिला लाजबी वाटत नसे आणि कामबी अडत नसे.

नातीनं हेच धरलं. बायको अंथरुणाला खिळली तवा नात कॉलेजातून आली की तिच्या उशाशी बसायची आणि तिचं बोलणं मोबाईलमध्ये भरून घ्यायची. मी बाहेर ओट्यावर बसून ऐकायचो. आतून दोघींचं हसू यायचं. मी आत गेलो की बायको विचारायची, "तुम्हाला काय पायजे?" काय पाहिजे असणार. पाणी मागून परत बाहेर यायचो.

त्या बोलण्याचा नातीनं मोठा लेख केला आणि त्यातलंच आटवून फॉर्माच्या पानांत घातलं. चपळ बाई मंद बायकांबरोबर का टिकते, सोडून का जात नाही, असा त्यातला प्रश्न. मला विचारलं असतं तर मी उभ्या उभ्या सांगितलं असतं. रोप थांबत नाही. तुझी लागण अडली तर त्या चार दिवसांत बाया आणणार कुठून? पण मला कुणी विचारलं नाही. आजीला विचारलं, आजीनं सांगितलं, आजीचं लिहिलं.

नातीचं कॉलेज शिरूर भागातलंच, लहान. बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो दोनदा विचारतो. फॉर्मात कॉलेजाचं नाव यादीतून निवडायचं असतं. दुपारची वेळ होती, मी तिच्या शेजारी बसलो होतो. ती यादी खाली खाली सरकवत गेली आणि थांबली.

"न्हाई का त्यात आपलं?" मी विचारलं.

"न्हाई, आबा."

"मग आता?"

"इतर म्हणून टाकायचं."

"इतर म्हंजी कोण?"

"म्हंजी आपण," ती म्हणाली आणि बटण दाबलं.

तीन मास्तरांची पत्रं लागत होती. दोन जमली. तिसरं द्यायचं होतं तिच्या अर्थशास्त्राच्या सरांनी. ते रिटायर होऊन दौंडला राहायला गेले होते. हे सर म्हंजे माझी दुसरी जळजळ. जेवायला बसलं की सर असं म्हणाले, सर तसं म्हणाले. मी काय म्हणालो ते तिनं कुठल्या ताटावर सांगितलं नसणार.

सरांनी पत्र लिहून नातीकडंच पाठवलं, तेही दाखल्यासारखं. सदर विद्यार्थिनी आमच्या महाविद्यालयात शिकत होती, तिची वर्तणूक उत्तम आहे, तिला शुभेच्छा. खाली सही आणि गोल शिक्का. नात डोक्याला हात लावून बसली.

"चांगलं तर हाय की," मी म्हणालो. "शिक्काबी ठळक उठलाय."

"आबा, त्यांना वर्तणूक नको हाय. माझं डोकं कसं चालतंय ते लिहायला पायजे. अशा पत्रावर कुणी घेत न्हाई."

शेवटची तारीख जवळ आली होती. सरांना फोनवर सांगून पटत नव्हतं, त्यांना वाटत होतं की वर्तणूक उत्तम म्हटल्यावर आणखी काय राहतं. म्हणून ती दौंडला जायला निघाली. मुलगा आणि सून कारखान्यात शिफ्टला. मी म्हणालो, मी येतो. ती म्हणाली, कशाला दगदग. मी म्हणालो, मला बघायचंय तुझं सर. पिशवीत घरचे कांदे घेतले आणि एसटीत बसलो. पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडली, चौफुल्याला गाडी बदलली. सगळ्या वाटेला ती कागद वाचत होती. मी खिडकीतून दुसऱ्यांचे वाफे बघत होतो.

सरांचं घर रेल्वेच्या जवळ. गाडी गेली की बोलणं थांबवायचं आणि गेल्यावर राहिलेल्या शब्दापासून पुढं सुरू करायचं, अशी त्यांची सवय. माणूस साधा. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, ती मी गेल्या गेल्या बघितली. म्हंजे पुढं मी जे बोललो ते कुणासमोर बोलतोय हे मला माहीत होतं.

नातीनं लेख समोर ठेवला. सरांनी चष्मा लावून सगळा वाचला, चहा गार झाला तरी वाचत होते. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "आबा, खरी अर्थशास्त्री तुमच्या घरातच होती. आम्ही नुसती पुस्तकं शिकवली."

 इतकी वर्षं रानात मीही राबलो होतो. वाफे मी पाडले, पाणी मी दिलं. मी म्हणालो, "तेवढं काय न्हाई, सर. दिवसाला दिवस म्हणायची, पर सगळ्यांना न्हाई. बौद्ध वस्तीतली एक बाई सावडीत घ्या म्हणून आली होती. न्हाई घेतलं तिला. रोजानं ये म्हणून सांगितलं."

तेवढ्यात गाडी आली. लांबलचक मालगाडी. ती जाईपर्यंत आम्ही तिघं एकमेकांची तोंडं चुकवत बसलो.

गाडी गेल्यावर सर शांतपणे म्हणाले, "माझी आई वडगाव रासाईला होती, आबा. तीपण रोजानंच जायची. मला यात नवीन काही नाही." मग नातीकडं वळून विचारलं, "हे तुझ्या लेखात कुठं आहे?"

"नाही, सर. आजी कधी बोललीच नाही."

"मग लेख अर्धा आहे. आत कोण होतं ते लिहिलंस, बाहेर कोण ठेवलं ते राहिलं. ते लिहून पाठव. मग मी पत्र लिहितो." चष्मा काढत म्हणाले, "वर्तणूक न घालता."

परत येताना चौफुल्याला एसटीची वाट बघत उभे होतो. तिनं भेळ नको म्हणून सांगितलं. मग विचारलं, "आजी अशी होती?"

मी म्हणालो, "होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला नवीन पान वाचून दाखवलं, मराठीत करून करून. आजी शहाणी होती, पण तिचा शहाणपणा आळीच्या कडेला संपत होता, असं काहीतरी होतं. लिहिलं होतं चांगलं. बायको एका रात्रीत लहान झाली होती. मला वाटलं होतं, बरं वाटेल. गायांना कडबा टाकायला गेलो, तर तिच्या हातची गाय माझ्या हाताला हुंगून तोंड फिरवून उभी राहिली. जनावराला काय कळतंय, पण मला तिथं उभं राहवेना.

खरं असं होतं. त्या वर्षी बायको स्वतः वस्तीवर जाऊन त्या बाईला ये म्हणून सांगून आली होती. सकाळी ती बाई खुरपं घेऊन बांधावर आली, तवा मी आडवा उभा राहिलो. म्हणालो, सावडीत न्हाई, रोजानं यायचं तर ये, आन् पाण्याचा तांब्या आपला घेऊन ये. बायको वाफ्यातून उठून आली होती, मी तिलाही गप्प केलं. आमचे आजे मेंढरांमागं फिरले, मोठ्या जातीच्या आळीनं आम्हाला ओट्यावर कधी बसवलं नाही. ते माझ्या मनात सलत होतंच. तरी मी त्या बाईला वाफ्यात बसू दिलं नाही.

म्हंजे बायकोकडं सांगायला होतं. नात महिनोन् महिने उशाशी बसून विचारत होती, मोबाईल चालू होता, आणि हिनं माझं झाकलं. मी मात्र तिचं नसलेलं उघडं केलं, तेही दौंडला जाऊन.

मी घरात गेलो आणि नातीला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता आजीला वाचवायला सांगताय व्हय?"

"न्हाई."

"काल एक सांगितलं, आज एक. मी कुठलं लिहू, आबा? उद्या कुणी विचारलं तर?"

तिचं बरोबर होतं. खोटं बोलणाऱ्याला हेच मिळतं. मी म्हणालो, "चल. ती बाई हाय अजून."

वस्तीवर मी किती वर्षांनी गेलो ते सांगत नाही. ती आता म्हातारी झालेली, दारात मेथी निवडत बसली होती. मला बघून हात थांबवला नाही.

"आज बरी वाट सापडली, आबा."

"नातीला सांग, त्या साली काय झालं ते."

"तुम्हीच सांगा की. तोंड तुमचंच होतं."

मग मी उभ्यानंच सगळं सांगितलं, तांब्यासकट. तिच्या सुनेनं आतून येऊन ऐकलं. बाईनं एकदाही मान वर केली नाही. माझं झाल्यावर नातीला म्हणाली, "तुझी आजी काय मला विसरली न्हवती. दुसऱ्या दिवशी एकटी माझ्या तुकड्यात आली. दिवसभर लागण केली माझ्यासंगं. माझ्याच तांब्यानं पाणी प्याली. मी म्हटलं, अगं मी तुझ्या रानात आलेच न्हाई, तू फेडतीस काय? तर म्हणाली, तू आली होतीस, दिवस आमच्याकडनं मोडलाय."

नात लिहून घेत होती. मला मात्र तो दिवस आठवला. त्या दिवशी बायको मला, निमोण्याला माहेरी जाते, असं सांगून गेली होती. संध्याकाळी आली तवा पायाला ओली माती होती. मी विचारलं, तर म्हणाली, भावाच्या रानात गेले होते. आणि मी जेवायला बसलो.

इतकी वर्षं तिनं ते एकटीनं ठेवलं. त्या बाईला माहीत होतं, तिच्या सुनेलाही माहीत असावं, मलाच नव्हतं. तिथं उभं राहून मला रडू यायला पाहिजे होतं. आधी हेवाच आला. माझ्या बायकोचा एक अख्खा दिवस या बाईकडं होता आणि माझ्याकडं नव्हता. रडू नंतर आलं, घरी, गोठ्यात.

निघताना बाई म्हणाली, "आबा, मेथी घेऊन जावा. निवडलेली हाय." मी हात पुढं केला नाही, लाज वाटली. नातीनं घेतली.

नातीनं पान तिसऱ्यांदा लिहिलं. सरांना पाठवलं. सरांनी पत्र लिहून या खेपेला थेट तिकडच्या कॉलेजांना पाठवलं, ते आम्हाला बघायला मिळत नाही, तसा नियम आहे म्हणे. पण त्यांचा फोन आला तवा ती बाहेर जाऊन बराच वेळ बोलली आणि मी ओट्यावरून ऐकायचा प्रयत्न केला.

फॉर्म पाठवायच्या आधी तिनं मला सगळं वाचून दाखवलं. आजीची दोन पानं होती, ती दोनच राहिली, फक्त आता भरलेली. त्यात माझं एक वाक्य होतं. "माझ्या आजोबांनी त्या बाईला येऊ दिलं नाही, आणि हे मला त्यांनीच सांगितलं."

"ठेवू का काढू?" तिनं विचारलं.

"परत वाच."

तिनं परत वाचलं.

"ठेव," मी म्हणालो.

कांदा काढायला आला तोवर उत्तरं येत राहिली. एकामागून एक नाही, नाही. एका ठिकाणी मुलाखत घेतली आणि मग घेतो म्हणाले, शिकवतील आणि वर पगारही देतील. सून रडली, मुलानं पेढे आणले. वस्तीवर पेढे मी नेऊन दिले. बाईनं एक घेतला आणि विचारलं, "तिथं लागण करायची असती का?" मी म्हणालो, न्हाई, लिहायचं असतं.

जायच्या आठवड्यात नात बॅग भरत होती. बायकोचं एक जुनं लुगडं तिनं तळाशी ठेवलं. माझं काय नेतेस म्हणून विचारायचं ओठावर आलं होतं, विचारलं नाही. त्याऐवजी विचारलं, "त्या लोकांनी माझं वाक्य वाचलं असंल का?"

"वाचलं असणार, आबा."

"आजीचंच जास्त वाचलं असंल."

ती हसली. पण नाही म्हणाली नाही.