धडधाकट माणसं पाहिजेत

आत्याच्या रक्ताच्या रिपोर्टवर एका आकड्याशेजारी फुली होती. टीएसएचचा आकडा, म्हणजे थायरॉइडचा. छापलेल्या मर्यादेच्या जरासा वर. आत्या सत्तरीच्या पुढची, तक्रार काही नव्हती. फुल बॉडी चेकअपची ऑफर लागली म्हणून तिचा मुलगा तिला घेऊन गेला होता, आणि त्या फुलीपायी रोज सकाळची एक गोळी मागे लागली. जन्मभराची.

गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत आत्याची छाती धडधडायला लागली. झोप उडाली. मग हात थरथरायला लागला. आमच्याकडे हात थरथरणं ही साधी गोष्ट नाही. आम्ही विणकर. माग बंद पडले तेव्हा कोणी सदर बाजारातल्या दुकानात कामाला लागलं, कोणी ऑटो घेतला, आत्याने सुई धरली. ती साड्यांना फॉल लावते. धरमपेठेतल्या बायका अजून तिच्याकडेच साड्या पाठवतात, कारण तिचा टाका सुलट बाजूला शोधून सापडत नाही. एक दिवस तिला स्वतःचाच फॉल उसवावा लागला. तिने मला फोन केला, "पोरी, माह्या हातातून सुई गेली वं."

मी पत्रकं लिहिणारी बाई. नळाचं पाणी, रेशनचं दुकान, बंद केलेला बसथांबा. जिथे माणसाला गप्प बसवतात तिथे चार ओळी छापायच्या आणि वाटायच्या, हे माझं काम. मी प्रताप नगरहून निघाले ती थेट त्या लॅबच्या काउंटरवर.

"ही रेंज कोणाच्या रक्तावरून काढली?"

काउंटरवरचा माणूस गोंधळला. "कोणाच्या म्हणजे? किटसोबत कागद येते मॅडम. त्याच्यावरच राहते."

"पंचविशीतल्या पोरीला आणि सत्तरीच्या बाईला एकच?"

"अडल्टची एकच आहे."

एकच! चपला घ्यायला गेलं तरी दुकानदार पायाचा नंबर विचारतो.

मी पत्रक लिहून काढलं. मथळा: ‘तुमचं नॉर्मल ठरवलं कोणी?’ शेवटची ओळ: ‘गोळी बंद करा.’ छापायच्या आधी एका डॉक्टर बाईंना दाखवलं. त्या एका कॉलेजात हार्मोन्सवरच काम करतात. त्यांनी सगळं शांतपणे वाचलं आणि शेवटच्या ओळीवर पेन फिरवलं.

"हे वाचून जिला खरंच गरज आहे तीही गोळी सोडेल. तुझा राग बरोबर आहे. ही ओळ चूक आहे."

मला ते आवडलं नाही. पण ओळ काढली. मग त्यांनी चहा मागवला आणि समजावून सांगितलं. नॉर्मल कोणी आकाशातून पाठवत नाही. धडधाकट माणसं गोळा करायची, त्यांचं रक्त तपासायचं, आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडायचे, दोन्ही टोकांचे थोडेसे सोडायचे; मधला पट्टा म्हणजे नॉर्मल. सोडलेले टोकाचे लोकही धडधाकटच असतात, हे मात्र पुढे सगळे विसरतात. आणि हा पट्टा वयाबरोबर सरकतो. बाळ जन्मलं की पहिल्या दिवशी टीएसएच एकदम उसळतो आणि मग खाली येतो; त्याला कोणी आजार म्हणत नाही. पोटुशीचा वेगळा. म्हातारपणी तो पुष्कळांचा हळूहळू वर चढतो.

"मग म्हाताऱ्यांचा पट्टा वेगळा का नाही छापत?"

"इथल्या म्हाताऱ्यांचा काढायला बसले आहे. बाळांचे आकडे जमले, कॉलेजची पोरं मिळाली. सत्तरीपुढची निरोगी माणसंच मिळत नाहीत. तू आणतेस?"

मी नवं पत्रक छापलं: ‘धडधाकट म्हातारे-म्हाताऱ्या पाहिजेत. रक्त द्या. नंतर तर्री-पोहे मिळतील.’

हिवाळ्याची सकाळ, आमच्या विणकरांच्या वस्तीचं समाजभवन. हॉल भरला, पण आले ते सगळे आजारी. शुगरवाले, बीपीवाले, हातात प्लास्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत फायली. फुकट तपासणी म्हणजे घरातलं आजारी माणूस आधी न्यायचं, हा आमच्याकडचा साधा हिशोब. एकाला विचारलं, "काका, घरी काकू ठणठणीत आहेत, त्यांना का नाही आणलं?" तो म्हणाला, "तिले काहीच नाही झालं तर तिले काहून आणू गा डॉक्टरकडं?" आणि बाईमाणसाला ‘गा’ म्हटलं हे ध्यानात येऊन स्वतःच हसला.

मग मी घरोघर जाऊन ठणठणीतांना उठवून आणलं. तर दुसरीच पंचाईत. आमच्याकडे कोणी स्वतःच्या तोंडाने ‘मी बरी आहे’ म्हणत नाही. दृष्ट लागते. कशा आहात विचारलं की एखादं दुखणं सांगायचंच. डॉक्टर बाई एकेकीला विचारत होत्या आणि एकेक ठणठणीत म्हातारी आपल्याच तोंडाने बाद होत होती. थकवा? हो. धडधड? हो तर. झोप? नाहीच. बाईंनी पेन खाली ठेवलं. "या वस्तीत एकही निरोगी माणूस नाही का?"

आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिचं रक्त चालणार नव्हतं, ती गोळी घेत होती ना. जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तिला त्या फुलीनेच मोजणीबाहेर ठेवलं. मी धुमसत होते. आत्या समोर बघत होती. समोर तिची मोठी जाऊ खुर्चीवर बसून सांगत होती, "काय सांगू बाई, अंगात ताकदच नाही. भूक तर मेलीच. दिवस ढकलून राहिली."

आत्याला राहवलं नाही. "भूक मेली? काल झुणक्यासंगं चार भाकरी कोणं खाल्ल्या मंग?"

"काहून वं धाकटे, माह्या भाकरी मोजतं?"

"अन् ताकद नाही म्हणते! सकाळी दोन मजले पाणी चढवते ही, डॉक्टरीणबाई. मले म्हणते तू बस, तुह्यानं होत नाही."

"तुह्यानं होतच नाही तं काय म्हणू? पहिले तूच मले पळवत होती. गोळी सुरू झाल्यापासून जिन्यात बसून राहते."

हॉल हसला. डॉक्टर बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी थोरलीला एका बाजूला घेऊन आत्याबद्दल विचारलं, मग आत्याला थोरलीबद्दल. आणि त्यानंतर सगळ्यांना तसंच: स्वतःबद्दल कोणालाच विचारायचं नाही, शेजारणीबद्दल विचारायचं. शेजारीण कसली कसर ठेवते! दृष्ट लागायची काळजी फक्त स्वतःपुरती. अर्थात नंतर त्या गळा तपासत होत्या, औषधं विचारत होत्या, रक्तातही बघणार होत्या. पण दार उघडलं ते तिथे. दुपारपर्यंत नळ्यांचे स्टँड भरले आणि पोहे संपले.

आवराआवर झाल्यावर बाई आत्यापाशी येऊन बसल्या. नाडी धरली, रिपोर्ट पाहिला. "मी गोळी बंद करा म्हणणार नाही. ज्यांनी दिली त्यांच्याकडे आपण जाऊ."

त्या खरंच आल्या. त्या डॉक्टरांशी मी भांडायच्या तयारीने गेले होते. बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवलं. आतून कोणाचा आवाज चढला नाही. गोळी थांबवून पाहायची आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, असं ठरलं.

पुन्हा तपासलं. आकडा जवळपास पहिल्यासारखाच आला, आणि शेजारी फुलीही तशीच. इथल्या म्हाताऱ्यांचा पट्टा अजून निघायचा आहे, रक्त गोळा होतंच आहे. तोवर छापील कागद आपलं तेच म्हणणार. मला पत्रकाच्या ओळी सुचायला लागल्या होत्या.

डॉक्टर बाई रिपोर्ट बघायला आत्याच्या घरीच आल्या. आत्या दारात बसून फॉल लावत होती. हिरवी साडी, हिरवा दोरा, टाका कुठे आहे ते मला दिसेना.

"कशा आहात?" बाईंनी विचारलं.

"काय सांगू बाई," आत्या सुई न थांबवता म्हणाली, "अंगात काही राहिलंच नाही."

बाईंनी मान हलवली आणि आत स्वयंपाकघराकडे वळून हाक मारली, "थोरल्या बाई, या कशा आहेत हो?"

"तिले काय धाड भरली!" आतून आवाज आला. "आज माह्या आधी वर चढली पाणी घेऊन."

आत्याने दोरा दातांनी तोडला. बाईंनी रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि थोरलीने आणलेला चहा घेतला.