दुखणं उतरलं तेव्हा

माझा मित्र दोरीला लटकून उंच इमारती रंगवायचा. आम्ही त्याला माकड म्हणायचो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्याची मांडी वाळून काठी झाली. ती भरली नाही तर दोरी कायमची सुटणार होती.

दवाखान्यात व्यायाम घेणाऱ्या ताई मांडीला हवेचा पट्टा बांधायच्या. पट्टा फुगला की पायातलं रक्त मंदावायचं आणि हलकं वजनही जड व्हायचं. प्रत्येक फेरीनंतर त्या विचारायच्या, "दहापैकी कष्ट किती? दुखणं किती?"

पहिल्या दिवशी तो म्हणाला, "कष्ट आठ. दुखण्याला तुमचे दहा पुरत नाहीत, ताई."

काही आठवड्यांनी दोन्ही आकडे उतरले. पट्टा तेवढाच, वजन तेवढंच, दुखणं तीन.

"शरीराला सवय होते. छान चाललंय," ताई म्हणाल्या.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

बाहेर आल्यावर म्हणाला, "बाबांच्या पायाची आग अशीच थांबली होती. आईच्या जिवाला बरं वाटलं. पाय बधिर झाला होता. मग कापावा लागला."

"अरे, त्यांना शुगर होती."

"तू कवितांवर पीएचडी केलेला डॉक्टर. गप्प बस."

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन आला. "कडी लावून बसलाय. तुझं तरी ऐकतो का बघ."

मी दार बडवलं. त्याने उघडलं, भिंत धरून. मांडीला सायकलची ट्यूब करकचून आवळलेली. खाली पाय जांभळा.

तो हसत होता. "दुखतंय रे. खूप दुखतंय."

गाठ सुटेना. त्याच्या आईने सुरी आणली आणि ट्यूब कापली.

रिक्षात तो पायाकडेच बघत होता. दवाखान्यात डॉक्टरांनी पायाची नाडी तपासली. रक्त नीट वाहत होतं, इजा नव्हती. ताई धावत आल्या. ओरडल्या नाहीत.

"डोळे मीट," त्या म्हणाल्या. हातातला कापसाचा बोळा त्यांनी त्याच्या पायाच्या एका बोटाला टेकवला. "कोणतं बोट?"

"करंगळी."

"आता?"

"अंगठा."

"आता?"

त्याने डोळे आणखी घट्ट मिटले. त्याच्या आईने माझं मनगट घट्ट पकडलं.

"आता काहीच कळत नाहीये, ताई," तो पुटपुटला.

"कसं कळेल? मी हात लावलाच नाही."

त्याने डोळे उघडले नाहीत. "परत विचारा," म्हणाला.