वायर कुठून उपटली?

विश्वनाथ बिराजदार सरांची आणि माझी पहिली भेट आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या गणित विभागात झाली. मी तिथे गणित शिकवत होते. ते संगणक विभागात नुकतेच रुजू झाले होते. त्यांच्या हातात एक वही होती आणि वहीत एकवीस आकडे.

"मॅडम, वीस आकडे चार-पाच सेकंदांचे आहेत. एकच जवळजवळ तीन मिनिटांचा आलाय. सगळे म्हणतात, खोडून टाका. खोडू का?"

"तो का आला, ते कळलंय का?"

"न्हाई अजून."

"मग पेन खिशात ठेवा."

चौथ्या दिवशी ते पुन्हा आले. घाईत असले की त्यांची गावाकडची, वळसंगची बोली वर येते. "मॅडम, चूक माझीच हाय. त्या वेळी वायर मी दुसरीकडनं उपटली. पण आकडा खरा हाय की."

सरांचे पुढचे सगळे काम या एका आकड्यातून उभे राहिले, म्हणून तो थोडा समजावून सांगते. नेटवर्कमधली माहिती कोणत्या वाटेने पाठवायची, हे राउटर नावाची यंत्रे ठरवतात. एक वाट तुटली की दुसरी धरायची, हेही त्यांनीच ठरवायचे. त्यासाठी ती आपापसांत ज्या नियमांनी बोलतात, त्याला प्रोटोकॉल म्हणतात. असे प्रोटोकॉल अनेक आहेत, आणि वाट तुटल्यावर कोणता किती लवकर सावरतो, हे मोजणे हा सरांचा विषय. वायर राउटरच्याच तोंडाशी उपटली तर त्याला लगेच कळते. ती लांब, मधल्या एखाद्या पेटीच्या पलीकडे तुटली, तर राउटरचा दिवा हिरवाच राहतो. पलीकडचा शेजारी बराच वेळ गप्प आहे, एवढ्यावरून त्याला अंदाज बांधावा लागतो. 'रिप' हा जुना प्रोटोकॉल त्यासाठी तीन मिनिटांपर्यंत वाट पाहतो. 'ओएसपीएफ' नेहमीच्या मांडणीत चाळीस सेकंदांत समजतो.

सर हे वर्गात फार सोपे करून सांगत. "आपल्या घराचं दार आपणच लावलं तर कळतंच की. रस्ता टेंभुर्णीजवळ बंद झाला, तर सोलापूरच्या स्टँडवर कसं कळणार? तितनं कुणी सांगेपर्यंत हितनं गाड्या सुटतच राहणार."

त्यांच्या प्रयोगशाळेतल्या नोंदवहीत एक रकाना होता, तो मी दुसरीकडे कुठे पाहिलेला नाही: 'वायर कुठून उपटली'. संगणकावर आज्ञा देऊन वाट बंद केलेली त्यांना चालत नसे. वायर हातानेच उपटायची, ती कुठून ते लिहायचे आणि उपटणाऱ्याने सही करायची. रकाना रिकामा असेल तर आकडा कितीही सुंदर असो, सर त्यावर काट मारत. मुले कुरकुरत, सर ऐकत नसत.

पुढे महाविद्यालयाने नवे नेटवर्क घेतले आणि त्याची देखरेख सरांकडे दिली. मुख्य इमारत आणि रस्त्यापलीकडचे परीक्षा केंद्र यांच्यात, दोन्ही टोकांना एकेक मधली पेटी लावून, एक सरळ फायबर टाकली गेली आणि ग्रंथालयाकडून वळसा घालून एक पर्यायी वाट केली गेली. पुरवठादाराने राउटरवर रिप चालू करून दिले आणि प्राचार्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवले. राउटरला लावलेली वायर उपटली, पाच सेकंदांत दुसरी वाट सुरू झाली, सर्वांनी टाळ्या वाजवल्या. बिराजदार सर उठले आणि म्हणाले, "आता हीच वायर रस्त्यापलीकडनं उपटा." पुरवठादार हसला. प्राचार्य म्हणाले, "बिराजदार, चहा गार होतोय."

सरांनी दोन आठवडे दोन्ही प्रोटोकॉल दोन्ही ठिकाणांहून तपासले आणि संस्थेला आठ पानांचा अहवाल दिला. त्यातले आकडे मी स्वतः पडताळले होते. शेवटी एकच मागणी होती: रिप बंद करून ओएसपीएफ चालू करायला परवानगी द्यावी. नवे काहीही विकत घ्यायचे नव्हते. एका दुपारचे काम. अहवाल 'सध्या आवश्यकता नाही' असे लिहून परत आला.

दोन वर्षांनी ऑनलाइन परीक्षा चालू असताना रस्त्यावरच्या खोदकामात ती फायबर तुटली. मुख्य इमारतीतल्या राउटरचा दिवा हिरवाच राहिला. जवळजवळ तीन मिनिटे परीक्षा केंद्रातले सगळे पडदे थिजले, आणि तेवढ्यात परीक्षेच्या प्रणालीने मुलांना बाहेर काढले. पेपर पुन्हा घ्यावा लागला.

फेरपरीक्षेच्या दिवशीच एका मुलीची चिंचोळी एमआयडीसीतल्या कारखान्यात मुलाखत होती. पेपर संपल्यावर जेमतेम अर्धा तास हातात होता. टेंभुर्णीहून आलेली तिची आई सरांना शोधत आली. मी शेजारीच उभी होते.

"तुमीच का वो ते वायरवाले सर?"

"व्हय."

"पोरीचं वाटोळं केलं की तुमी."

"बसा आधी गाडीत, मावशी. जाताना बोला, मला गाडी चालवताना ऐकू येतं."

सरांनी सहकाऱ्याची गाडी मागून घेतली आणि दोघींना वेळेवर पोहोचवले. मुलीला नोकरी लागली. अहवालाबद्दल ते त्या बाईंना एक शब्दही बोलले नाहीत. परत आल्यावर मला म्हणाले, "लई बोलल्या. बरोबर बोलल्या, फक्त माणूस चुकला."

त्यानंतर चौकशी समिती बसली. तिची मी सदस्य होते.

"पर्यायी वाट होती की नव्हती?" अध्यक्षांनी सरांना विचारले.

"होती."

"मग चालली का नाही?"

"चालली की, साहेब. तीन मिनिटांनी. मी लिहून दिलं होतं."

"ते कागद आमच्यासमोर नाहीत."

नव्हतेच. कोणीतरी फाइलमधून काढले होते. नेटवर्कची जबाबदारी बिराजदारांकडे, म्हणून निष्काळजीपणा बिराजदारांचा, असा निष्कर्ष तयार होऊनच आला. अध्यक्ष मला म्हणाले, "बाई, कागदोपत्री काहीतरी दाखवावं लागतं. पुढे काही होणार नाही." मी आकडे पडताळले होते. मला सगळे ठाऊक होते. तरी मी सही केली. बैठक लांबली होती आणि मला वाद नको होता. याहून बरे कारण माझ्याकडे नाही.

पुढे व्हायचे ते झाले. 'कर्तव्यात निष्काळजीपणा' हा शेरा सेवापुस्तकात चढला आणि त्यावर बोट ठेवून विभागप्रमुखाची जागा सरांना नाकारली गेली. ज्यांनी अहवाल परत पाठवला, त्यांना कोणी काही विचारले नाही. पुढच्याच सुट्टीत राउटरवर गुपचूप ओएसपीएफ चालू करण्यात आले. करायला कोणाला सांगितले? बिराजदार सरांनाच. त्यांनी ते केले, वायर रस्त्यापलीकडून उपटून पाहिली आणि वहीत नोंद केली.

आता सर साठ वर्षांचे होत आहेत आणि या सत्राअखेरीस निवृत्त होतील. संस्था त्यांना शाल देणार आहे, हा गौरवग्रंथ काढणार आहे, आणि संपादकांनी मला 'कटू प्रसंग टाळावेत' असे कळवले आहे. शेरा मात्र जागेवरच आहे. ज्या हातांनी तो लिहिला त्याच हातांनी शाल घालायची, हा निगरगट्टपणा मला सहन होत नाही. कटू प्रसंग लिहिणाऱ्याने टाळायचा नसतो, तो करणाऱ्याने टाळायचा असतो.

मी संस्थेला पत्र देऊन चौकशी अहवालावरची माझी सही मागे घेतली आहे. सरांच्या आठ पानांची माझ्याकडची प्रत सोबत जोडली आहे. समितीचे उरलेले दोन सदस्य आणि त्या परीक्षेला बसलेले विद्यार्थी हा ग्रंथ वाचतील. त्यांनीही आपापले म्हणणे लेखी द्यावे. निवृत्तीनंतर सेवापुस्तक बंद होते, मग त्यात हात घालायला कोणी तयार होत नाही. दिवस थोडे आहेत.

सरांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "राहू द्या की, मॅडम. आता किती दिवस राहिले?" मी म्हटले, "तेवढे पुरतील."

बिराजदार सरांना उत्तम प्रकृती आणि पुष्कळ आयुष्य लाभो. सेवापुस्तकातले ते पान दुरुस्त झालेले त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी वाचावे, आणि त्यानंतर इतकी वर्षे जगावे की तिथे पूर्वी काय लिहिले होते, ते त्यांना आठवूही नये. माझी सही मात्र मी विसरणार नाही.