कमरेचा टॉवेल

सासऱ्यांना मी मामा म्हणते, तेही दाराआडून. लग्न होऊन हट्टा गावी आले तेव्हापासून त्यांच्या चहाची कपबशी मी उंबऱ्याशी ठेवत आले; ते घ्यायचे, मी बाजूला व्हायची. सासूबाई होत्या तोवर हे निभलं. त्या गेल्या, आणि मग मामांना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा, एका सकाळी सगळं गेलं.

वसमतच्या डॉक्टरनं व्यायाम दाखवला. कमरेला टॉवेल बांधा, लुळ्या बाजूला उभं राहून तो मागून धरा, दुसऱ्या हातानं दंड धरा, आणि काही झालं तरी सोडू नका. नवरा हळद शिजवायला शेतावर. राहिलं कोण? मी. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. पहिले काही दिवस आम्ही दोघंही शरमेनं खाली बघत चाललो. मामा डाव्या हातातली काठी टेकत पाऊल टाकायचे, मी पुटपुटायची, "टाका मामा, टाका." मग सवय झाली. फाटकापर्यंत पोचलो त्या दिवशी मामा वाकड्या तोंडानं हसले.

त्याच आठवड्यात थोरले चुलत सासरे खाकरत फाटकातून आत आले. माझा पदर खांद्यावर घसरलेला. हात आपोआप डोक्याकडं गेले, दोन्ही. मामा तोंडावर आपटले.

हाड मोडलं नाही. त्यांना बाजेवर निजवल्यावर चुलत सासरे म्हणाले, "सून बाकी मर्यादेची हाय. असल्या वख्तालाबी पदर इसरली न्हाई." लाज सोडलेल्या माणसानं कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळलं असं म्हणतात. मी तेच केलं होतं, आणि वर शाबासकी घेत उभी होते. संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं तर मी म्हणाले, "पाय घसरला त्यायचा." मामा ऐकत होते. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून माझं खोटं खपलं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

त्यानंतर मामा उठेनात. टॉवेल दिसला की डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणाला, असेच पडून राहिले तर चालणं कायमचं जाईल. शेवटी त्यांच्या बाजेपाशीच उभी राहून नवऱ्याला सांगितलं, "पाय घसरला न्हाई. पदर घ्यायला मीच सोडलं त्यायला."

"अन् इतके दिवस काहून बोलली न्हाईस?" तो भडकला. मामांनी डावा हात उचलून त्याला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी खुंटीवरच्या टॉवेलाकडं त्यांनीच बोट दाखवलं.

परवा आम्ही फाटकाजवळ पोचलो आणि पुन्हा तेच चुलत सासरे आले. पदर घसरलेलाच होता. मी टॉवेल आणि दंड आवळून धरला. म्हटलं, आज डोकं उघडं तर उघडं. मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग काठी सोडून दिली आणि त्या मोकळ्या हातानं माझा पदर ओढून डोक्यावर घातला. काठी अंगणात पडली. त्यांचा सगळा भार माझ्या दोन हातांवर आला, आणि ते निवांत उभे होते. मला मात्र मान वर करवेना.